तारळेकरांचं नोटपॅड

माणसाच्या आयुष्यात एक घडी अशी येते, की जुनं मुळापासून उखडून त्या जागी नवं उभारण्याची जबाबदारी त्याच्या खांद्यावर येऊन पडते. माझ्या खांद्यावर ती पडली तेव्हा उखडायचं होतं ते नोटपॅड.

“म्हणजे ते पांढरं पान?” हेमांगीनं विचारलं.

“तेच.”

“काढून टाकणार?”

“काढून नाही. त्याच्या जागी दुसरं बसवणार. नाव तेच ठेवायचं, म्हणजे तुमच्या वडिलांना फरक कळणार नाही.”

“मला ऐकू येतं, अष्टेकर,” तारळेकर काका माझ्या मागच्या खुर्चीतून म्हणाले. “कळतंही बऱ्यापैकी.”

ही मिरजेतली गोष्ट, दोन हजार सालातली. मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. क्लासचे मालक सोमवार करायचे, त्यामुळे उपवास त्यांना आणि सुट्टी आम्हाला. हेमांगी तारळेकर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. लॅबचे रिपोर्ट हातानं लिहिण्याऐवजी टाइप करायचे ठरले, म्हणून ती आमच्याकडे कोर्सला आली होती. कोर्स संपला, आणि काही दिवसांनी वडिलांच्या कॉम्प्युटरचं काहीतरी अडलंय म्हणून तिनं मला घरी बोलावलं.

घर म्हणजे निवृत्त रेल्वेवाल्यांनी मिळून काढलेल्या जंक्शन सोसायटीतला कोपऱ्यावरचा बंगला. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात काका, हेमांगी आणि विंडोज अठ्ठ्याण्णव घातलेला एक कॉम्प्युटर. काका सिग्नल इन्स्पेक्टर होते. निवृत्तीनंतर ते या कॉम्प्युटरवर एकच काम करत. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा इतिहास लिहीत.

टाकी चेअरमन पोळ यांनी स्वतःच्या बंगल्याच्या अंगाला बांधून घेतली होती, त्यामुळे पोळांच्या अंगणात कारंजं आणि तारळेकरांच्या नळाला करंगळीएवढी धार, असा एकूण वाद होता. इतिहास इंग्रजीत होता. मराठीत का नाही, असं मी विचारलं.

“मराठीत लिहिलं तर पोळ लगेच उत्तर देईल,” काका म्हणाले. “इंग्रजीत त्याला मुलाला बोलवावं लागतं. मुलगा पुण्याला असतो.”

विंडोजबरोबर आपोआप मिळणारं नोटपॅड त्या काळी तीस-पस्तीस पानांत भरून जायचं. टाकीचा इतिहास पायाभरणीपासून निघून दुसऱ्या गळतीपर्यंत आला, आणि नोटपॅडनं पुढचं अक्षर घ्यायला नकार दिला. मी म्हटलं, दुसऱ्या एखाद्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये लिहा, मी शिकवतो.

“स्टार्ट, प्रोग्रॅम्स, ॲक्सेसरीज, नोटपॅड,” काका डोळे मिटून म्हणाले. “हा माझा रूट आहे. हेमानं सेट करून दिलाय. सेट केलेला रूट मध्येच बदलला की काय होतं, ते तुम्हाला माहीत नाही. मला आहे. मी अपघातांच्या चौकश्या केल्यात.”

तेव्हा रूट तोच ठेवायचा, स्टेशनाचं नावही तेच, फक्त आत नोटपॅडऐवजी दुसरं काहीतरी मोठं उभं करायचं, असं ठरलं. तसे मोठे, फुकट मिळणारे प्रोग्रॅम माझ्याकडे होते. त्यातला एक घ्यायचा, त्याला नोटपॅडचं नाव द्यायचं आणि जुन्याच्या जागी ठेवून द्यायचा. पाच मिनिटांचं काम.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात संशय राहणार नाही. मला हेमांगीशी लग्न करायचं होतं. ही बातमी तोवर माझ्याशिवाय कुणालाही नव्हती. मी विचारणारही होतो. फक्त माझा एक नियम होता. दुरुस्तीला म्हणून ज्या घरात शिरलो, तिथली दुरुस्ती पुरी होईपर्यंत दुसरं काही मागायचं नाही. अर्धवट काम सोडून मुलगी मागणारा माणूस मला स्वतःलाच आवडला नसता. मग काम पाच मिनिटांचं होतं, तर सहाव्या मिनिटाला का विचारलं नाही, असं कुणी म्हणेल. काम टिकतंय का, हे आधी पाहायला नको का? दुरुस्ती म्हटली की आठ-पंधरा दिवस थांबावं लागतं.

काम सुरू करण्याआधी मी जुन्या नोटपॅडची एक प्रत फ्लॉपीवर काढली. फ्लॉपीवर ‘जुने’ असं लिहिलं आणि ती हेमांगीच्या हातात दिली.

“हे कशाला?”

“नवं नाही आवडलं, तर जुनं परत टाकता येतं. जपून ठेवा.”

“परत टाकायचं कसं?”

हा प्रश्न आमच्या क्लासमध्ये आजवर कुणी विचारला नव्हता. मी खुर्ची तिला दिली आणि दाखवलं. इथून उचलायचं, इथे ठेवायचं, बदलू का असं विचारलं की हो म्हणायचं. तिनं माझ्यासमोर एकदा करून दाखवलं. इतकं सफाईनं, की नवं बसवलेलं मला पुन्हा बसवावं लागलं.

“लॅबमध्ये दिवसभर स्लाइडा बदलायच्या असतात,” ती म्हणाली. “त्यात काय एवढं.”

काकांनी आपल्या रूटनं जाऊन नोटपॅड उघडलं. दुसरी गळती उघडली. खाली एक ओळ टाइप केली. ती बसली. आणखी एक टाइप केली.

“हेमा,” ते म्हणाले, “अष्टेकरांना भडंग दे.”

पुढच्या सोमवारी सकाळी माझ्या घरमालकांकडे फोन आला.

“अष्टेकर, टाकी उघडत नाही.”

मी गेलो. पडद्यावर जुनं नोटपॅड बसलं होतं आणि ही फाइल माझ्या आवाक्याबाहेरची आहे, असं इंग्रजीत सांगत होतं. मी बसवलेला प्रोग्रॅम नाहीसा झालेला.

“काका, तुम्ही काही केलंत?”

“मी रूट सोडून कधी जात नाही.”

“हेमांगी, तुम्ही?”

“मी कशाला करू?” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी विचारात पडलो. आणि तेव्हा मला तो लेख आठवला. मिरज स्टेशनच्या बुकस्टॉलवर इंग्रजी कॉम्प्युटर मासिकं यायची. मी ती उभ्या उभ्या वाचायचो आणि स्टॉलवाला घसा खाकरायचा. त्याच्या खाकरण्यामुळे माझं बरंचसं ज्ञान पहिल्या पानापर्यंतचं आहे. त्या लेखाचंही पहिलंच पान वाचून झालं होतं, पण ते मला तोंडपाठ होतं. चहा आला तसं मी ते दोघांना ऐकवलं.

“विंडोज स्वतःच्या महत्त्वाच्या फाइलींची एक-एक प्रत आत कुठेतरी दडवून ठेवतं. बाहेरच्या कुणी त्यातली एखादी बदलली, की ते गपचूप जुनी काढतं आणि परत जागेवर ठेवतं.”

“गपचूप?” हेमांगी म्हणाली.

“कुणाला काही सांगत नाही.”

“आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही तर?”

“माझ्या आलं ना.”

ती माझ्याकडे बघत राहिली. हातातला ट्रे तसाच.

“खरंच आलं?”

“म्हणजे काय. वाचलंय मी.”

“हं,” ती म्हणाली. “वाचलंय.”

काका म्हणाले, “रेल्वेतही असे लोक होते. तुम्ही लिव्हर ओढा, ते तुमच्या मागे जाऊन परत ढकलणार. उपाय?”

“पुन्हा बसवायचं. किती वेळा परत आणेल? कधीतरी थकेल.”

विंडोज थकलं नाही. आठवड्याचे बाकीचे दिवस सगळं सुरळीत चालायचं आणि सोमवार उजाडला, की जुनं नोटपॅड हजर. मला या गोष्टीचं कौतुक वाटे. माझी सुट्टी सांभाळून बिघडणारा कॉम्प्युटर मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मी जेवून निघायचो, काकांची वामकुक्षी चालू असायची. हेमांगी सकाळची पाळी करून आलेली असायची. मी नवं बसवायचो. पाच मिनिटं. मग काका उठून गळतीला बसेपर्यंत आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याशी बोलत उभे असायचो.

काय बोलायचो, ते आता एकसंध आठवत नाही. ती लॅबमधले किस्से सांगायची. रक्त द्यायला आलेला पैलवान सुई बघून कसा आडवा झाला आणि त्याला उचलायला दुसरे पैलवान कसे बोलवावे लागले. मी क्लासमधले सांगायचो. एकदा तिनं विचारलं, “तुम्ही माणसांशी बोलता तेव्हाही असंच समजावून सांगता का? पायरी पायरीनं?”

“कसं?”

“आधी हे, मग ते, ते झाल्याशिवाय पुढचं नाही.”

“तसं केलं की चूक होत नाही.”

“होय की,” ती म्हणाली. “दुसरंही काही होत नाही.”

मला वाटलं, ती नोटपॅडबद्दलच बोलते आहे. मी म्हटलं, “होईल हो. एकदा हे नीट बसू दे.”

“एकदा हे बसलं की काय?”

“मग... मग बघू.”

“काय बघू?”

आतून काकांच्या खोकण्याचा आवाज आला. माझ्या आयुष्यात महत्त्वाच्या जागी कुणीतरी घसा साफ करतंच.

असे बरेच सोमवार गेले. श्रावण संपला, गणपती आले. काकांचा इतिहास टाकीच्या तिसऱ्या दुरुस्तीपर्यंत आला. आणि एका सोमवारी काका झोपले नव्हते. बाहेरच्या खोलीत कागदांना क्लिप लावत बसले होते.

“बडोद्याचं स्थळ आलंय हेमाला,” ते म्हणाले. “मुलगा केमिकल इंजिनिअर. घरी आई, एक भाऊ. माणसं सरळ दिसतात. दसऱ्यापर्यंत कळवा म्हणालेत.”

हेमांगी दारात उभी होती. हातात भडंगाची ताटली.

“तुमचं काय मत, अष्टेकर?” काका म्हणाले. “तुम्ही घरातलेच. मोकळेपणानं सांगा.”

ज्याची मी इतके सोमवार वाट बघत होतो, ती वेळ कुणीतरी उचलून माझ्यासमोर ठेवली होती, आणि माझ्या पाठीमागे पडद्यावर जुनं नोटपॅड उघडं होतं. काम अपुरं होतं.

“बडोदा चांगलं शहर आहे,” मी म्हणालो.

“गेलायत तुम्ही?” हेमांगीनं विचारलं.

“नाही.”

“मग कशावरून?”

“ऐकलंय.”

“बाबा, अष्टेकर ऐकीव फार सांगतात,” ती म्हणाली आणि ताटली टेबलावर ठेवून आत गेली. त्या दिवशी भडंगात मीठ नव्हतं. मी ते सगळं खाल्लं.

त्या आठवड्यात मी क्लासमध्ये काय शिकवलं, ते विद्यार्थ्यांना ठाऊक. माझं लक्ष एकाच गोष्टीत होतं. दसऱ्याला वेळ थोडा उरला होता. त्याआधी नवं नोटपॅड कायमचं बसायला हवं होतं. ते टिकतंय असं एकदा दिसलं, की मी मोकळा. मग काकांसमोर बसायचं आणि सांगायचं, बडोद्याला नाही म्हणून कळवा. वाक्यसुद्धा तयार होतं.

विंडोज जुनी प्रत आणतं, म्हणजे ती कुठून तरी आणतं. मी त्यांचा अख्खा कॉम्प्युटर डोक्यात उलटापालटा केला. आत प्रत असेल तर ती शोधून काढायची, हे ठरलेलंच होतं. पण एका दुपारी भूगोलाच्या मास्तरांना फ्लॉपी म्हणजे काय ते सांगताना मी मध्येच थांबलो. जुन्याची एक प्रत तर मीच त्या घरात ठेवून आलो होतो. विंडोज काय, कुठलाही कोपरा सोडत नाही. कॉम्प्युटरमध्ये कधी चुकून ती फ्लॉपी राहिली असेल, त्यानं तिथूनच उचललं असेल. आज हे लिहिताना मला त्यातला वेडेपणा दिसतो. तेव्हा मला तो शोध वाटला होता.

सोमवारी मी फोनची वाटही न बघता गेलो. काका पोळांकडे भांडायला गेले होते. हेमांगीनं दार उघडलं.

“आज फोन केलाच नव्हता बाबांनी.”

“गरज नाही. मला सापडलं.”

“काय सापडलं?”

मी आत जाऊन कॉम्प्युटर लावला. जुनं नोटपॅड अपेक्षेप्रमाणे आलेलं होतं. मी नवं बसवलं. त्याला हात लावता येऊ नये, अशी त्याच्यावर खूण केली. मग वळून हात पुढे केला.

“ती फ्लॉपी द्या.”

ती हलली नाही. “कुठली?”

“मी दिलेली. ‘जुने’ लिहिलेली.”

“ती कशाला?”

“ती इथे आहे तोवर हे असंच होत राहणार. दर सोमवारी.”

तिनं पडद्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, “असं तुम्हाला वाटतं?”

“वाटत नाही. खात्री आहे. एवढे दिवस माझ्या लक्षात कसं आलं नाही, याचंच नवल वाटतंय.”

“आता आलं.”

“आता आलं.”

तिनं शिलाई मशीनचा खण ओढला. फ्लॉपी वरच होती. शोधावी लागली नाही. ती हातात घेऊन हेमांगी तशीच उभी राहिली.

“नेताच आहात?”

“नेतो. तुम्हाला तिचा आता काय उपयोग?”

“नाही,” ती म्हणाली. “तसा काही नाही.”

मी फ्लॉपी खिशात टाकली. ती पदराशी चाळा करत होती. तसं ती कधी करत नसे.

“अष्टेकर, एक विचारू? तुम्हाला त्रास व्हायचा का? दर सोमवारी यायचा?”

याचं खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण ते उत्तर काम टिकल्यावर द्यायचं असं ठरलं होतं, म्हणून मी भिडेखातर जे कुणीही म्हणेल ते म्हणालो.

“त्रास असा नाही. पण सुट्टीचा दिवस जातो.”

“खरं आहे,” ती म्हणाली. “माझ्या लक्षात आलं नाही. एकच तर दिवस मिळतो तुम्हाला.”

“आता नाही जायचा.”

“नाही. आता नाही जायचा.”

तिनं चहा विचारला. मी म्हटलं, आज नको, घाई आहे. मला खरोखरच घाई होती. ती फ्लॉपी मी त्याच संध्याकाळी मालकांकडून किल्ली मागून घेऊन, बंद क्लासमध्ये जाऊन पुसून टाकली, म्हणजे जुन्याचं नावनिशाण उरायला नको.

पुढचा सोमवार आला. फोन आला नाही. मी दुपारपर्यंत घरमालकांच्या पायरीवर बसून होतो. फोन वाजला की मी उठून उभा राहायचो. पण तो दर वेळी त्यांच्या मेहुण्यांचाच असायचा. त्या दिवशी माझ्याइतका सुखी माणूस मिरजेत नव्हता. नवं नोटपॅड टिकलं होतं. तरीही मी घाई केली नाही. नियमाप्रमाणे आणखी एक सोमवार जाऊ दिला. तोही कोरडा गेला.

दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. जंक्शन सोसायटीच्या फाटकाशी त्यात एक शब्द बदलला.

दार काकांनी उघडलं. माझ्या हातात त्यांनी पेढा ठेवला तो मी चपला काढायच्या आत.

“बडोद्याला होकार कळवला,” ते म्हणाले. “बसा. बरं झालं आलात. पोळला पत्रिका द्यायची की नाही, यावर तुमचं मत हवंय. एका हिशेबानं तो शेजारी आहे.”

“द्या,” मी म्हणालो.

“देऊ म्हणता? पण मग इतिहासात काय लिहायचं?”

हेमांगी आतून आली. लॅबचा पांढरा कोट अजून अंगात होता. माझ्या शर्टाकडे तिनं एकदा पाहिलं.

“काही बिघडलंय का?” तिनं विचारलं.

“नाही. सहज आलो होतो. चालतंय का बघायला.”

“चालतंय. एकदम नीट.”

“जुनं नाही ना आलं?”

“नाही. कुठून येणार?”

“मग छान झालं.”

“हो,” ती म्हणाली. “तुमचं काम टिकलं.”

पेढा माझ्या हातात होता. तो खाल्ल्याशिवाय काका पुढचं बोलणार नव्हते, म्हणून खाल्ला. पोळांना पत्रिका द्यायची ठरली.

लग्नाला मी गेलो. ती मांडवातून जाताना माझ्यासमोर क्षणभर थांबली आणि म्हणाली, “जेवून जा हं, अष्टेकर.” मी जेवून गेलो. मठ्ठा चांगला होता. माझं पुढे लग्न झालं नाही. त्याला विंडोज जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या कंपनीवर असा आळ घेणं बरं दिसत नाही.

क्लास बंद पडला, मी सांगलीत एका कॉलेजात नोकरीला लागलो, केस गेले. पंधराएक वर्षांनी एका सकाळी मोबाइलवर अनोळखी नंबर आला.

“अष्टेकर, तारळेकर बोलतोय. तो कॉम्प्युटरचा डबा घेऊन जाता का?”

काका बडोद्याला चालले होते, लेकीकडे, कायमचे. बंगला विकला होता. सामान बांधलेलं, भिंतींवर कॅलेंडरांच्या जागा पांढऱ्या पडलेल्या. कॉम्प्युटरवर हेमांगीनं लग्नाआधी विणलेलं जाळीदार आवरण अजून होतं. काका खूप वाळले होते. आवाज मात्र तोच.

“पोळ गेला,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी. टाकीही पाडली. आता नळाला भरपूर पाणी आहे.”

“मग इतिहास पुरा झाला.”

“छे हो. पोळ गेल्यावर एक ओळ लिहिली नाही. कुणासाठी लिहायचं?”

त्यांनी कॉम्प्युटर चालू करायला सांगितलं. आवाज करत का होईना, तो चालू झाला. काकांनी आपला रूट पकडला. स्टार्ट, प्रोग्रॅम्स, ॲक्सेसरीज, नोटपॅड. माझं नवं नोटपॅड उघडलं. तिसरी दुरुस्ती, चौथी दुरुस्ती, शेकडो पानं खाली धावत गेली.

“हे मात्र तुम्ही पक्कं केलंत,” काका म्हणाले. “त्या दिवसापासून आजवर एकदाही जुनं परत आलं नाही. मी त्याच संध्याकाळी हेमाला म्हटलं, अष्टेकर आज काय करून गेले? ती म्हणाली, फ्लॉपी घेऊन गेले. मी म्हटलं, मग आता परत नाही ना व्हायचं? म्हणाली, नाही बाबा. त्यांच्या लक्षात आलंय.”

मी पडद्याकडे बघत होतो.

“पुढे काय म्हणाली?”

“काही नाही. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून पडून होती. कामावरही गेली नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि म्हणाली, बडोद्याला हो म्हणून कळवा.” काकांनी आवरणाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. “हेही न्या. धूळ बसत नाही.”

“ती बरी आहे ना?”

“मजेत आहे. स्वतःची लॅब काढलीय. अधूनमधून विचारते, अष्टेकर काय करतात. मी म्हणतो, काहीतरी करत असतील.”

डबा मी रिक्षातून घरी आणला, जोडला आणि चालू केला. मग कॉलेजमधल्या एका जुन्या मशीनवरचं मूळ नोटपॅड आणून त्या नव्याच्या जागी ठेवलं, पुन्हा काढलं, नवं ठेवलं, आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. मशीन बंद केलं, चालू केलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. मधे सोमवारही येऊन गेला. ठेवलेलं जिथल्या तिथे होतं.

त्या जुन्या मासिकाचा अंक मला पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात सापडला. या वेळी दुसरं पानही वाचलं. तो लेख येऊ घातलेल्या नव्या विंडोजबद्दल होता. बदललेली फाइल आपणहून परत जागेवर आणून ठेवायची सोय विंडोज अठ्ठ्याण्णवमध्ये नव्हती.